पाच सळया कागदावर मावतात, बीममध्ये नाही

संपादक महोदय,

नऊ इंची, म्हणजे २३० मिमी रुंदीच्या बीममध्ये २० मिमीच्या पाच सळया एकाच थरात दाखवणारी ड्रॉइंग आजही साइटवर येतात. लोखंडाचे क्षेत्रफळ भरले की संगणक खूश. फिटरचा हिशेब वेगळा असतो: दोन्ही बाजूंचे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचे काँक्रीटचे आवरण, ५० मिमी, सळयांना वेढणाऱ्या ८ मिमीच्या रिंगचे दोन पाय १६, सळयांचे १००. उरले ६४, त्यात फटी चार, एकेक १६ मिमीची. २० मिमीची खडी तिथून उतरणार कशी? कॉलमच्या जोडावर तर उभ्या सळयाही त्याच जागेत घुसतात. माल हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही, माल वरच अडतो आणि फळ्या काढल्या की बीमच्या पोटाला हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. मग कुणी विचारायच्या आत सिमेंटचा हात फिरवून ते बुजवले जाते. खाली तीन आणि वरच्या थरात दोन सळया दिल्या असत्या, तर खालची फट ५२ मिमीची झाली असती. बीमची उपयुक्त खोली थोडी कमी धरून पुन्हा गणित करावे लागते, इतकेच.

छज्ज्याचे दुखणे उलटे. तिथे ड्रॉइंग बरोबर असूनही काम बिघडते. ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. १२० मिमी जाडीच्या छज्ज्यात ती तळापासून साधारण ९५ मिमीवर असते. घमेली वाहणाऱ्यांचे पाय पडून ती ४० मिमी खाली बसली, की उरले ५५. ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. सळईला उचलून धरणाऱ्या पुरेशा खुर्च्या आणि चालायला वेगळी फळी, एवढ्याने हे टळते. पण ती फळी कोणत्याच ड्रॉइंगवर नसते.

ओल्या वाळूचेही तसेच. गोणीमागे शंभर किलो वाळू धरली आणि तिच्यात पाच टक्के ओल असली, तर पाच लिटर पाणी आधीच आलेले असते. ते वजा न करता ठरलेले २५ लिटर पुरे ओतणारे कमी नाहीत.

महिनाभराच्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र यातले काही शिकवत नाही. स्थापत्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एका स्लॅबचे पूर्ण चक्र द्यावे: सळई कापण्याचे शेड्यूल त्यानेच करावे, फिटरच्या हाताखाली रिंगा बांधाव्यात, भरणीला सुईजवळ उभे राहावे, पाणी मारण्यावर लक्ष ठेवावे आणि टेके निघेपर्यंत तिथेच असावे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेके साध्या सिमेंटला १४ दिवस ठेवावे लागतात, म्हणजे हे काम पंधरवड्याहून लांबते. तोंडी परीक्षेला प्राध्यापकांच्या शेजारी एखादा जुना फिटरही बसवावा.

— बांधकाम क्षेत्रातील एक वाचक, नाशिक