नागपूरच्या विमानांचा उशीर कोण मोजतं?

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

स.न.वि.वि.

नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ८०० च्या आसपास उडणाऱ्या विमानाला तासाच्या आतलं काम. वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास असतो. त्यात लबाडी नाही. ती वेळ विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर थांबेपर्यंतची. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानं वर घिरट्या घालत बसतात. कंपन्याही थोडा उशीर आधीच धरून वेळ लावतात. मग 'वेळेआधी पोहोचलो' अशी घोषणा होते आणि आपण खूश!

इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती रात्रीच्या विमानांची. एकच विमान दिवसभर या शहरातून त्या शहरात फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीच्या धुक्यात वाया गेलेला तास रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन उतरतो. आम्ही नागपुरातले लोक कसेबसे घर गाठतो. पण हा विमानतळ चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळचाही आहे. साडेनऊचं विमान साडेअकराला आलं की त्यांची शेवटची एसटी गेलेली असते. मग गाडीवाला सांगेल ते भाडं, नाहीतर पहाटेपर्यंत खुर्ची. नियमानं अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. पावणेदोन तास झाला तर पाण्याची बाटलीही आपलीच.

आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी जाहीर करतं. ती मोजली जाते मोजक्या महानगरांच्या विमानतळांवर. नागपूर त्यात नाही. म्हणजे इथला उशीर कागदावर झालेलाच नसतो.

साहेब, १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथंच जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. एकाला उशीर झाला की बाकी तिघांचा खोळंबा. देशाच्या टपालासाठी नागपूरचं घड्याळ तेव्हा महत्त्वाचं होतं. आज माणसांसाठी नसावं?

मागणी एकच. नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, मार्गानुसार, दर महिन्याला जाहीर करा. नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक विमान कधी उतरलं, कधी उडालं याची नोंद आजही होतेच. रात्रीचं अमुक विमान महिन्यात किती वेळा रखडलं हे तिकीट काढतानाच दिसलं, तर गडचिरोलीचा माणूस दुपारचं घेईल, आणि कंपनीलाही त्या वेळापत्रकाचा फेरविचार करावा लागेल. नवीन विमानं, नवीन टर्मिनल यांच्या बातम्या आम्ही आवडीनं वाचतो, पण हे त्याआधी होण्यासारखं आहे.

सुरुवात डिसेंबरच्या आकड्यांपासून करावी असं सुचवतो. हिवाळी अधिवेशनामुळे तेव्हा आमदार आणि सचिवही याच विमानांत असतात, त्यामुळे आकडे कोणी खोटे ठरवणार नाही.

आपला,
एक नागपूरकर प्रवासी