मंत्रिमहोदय, न उठलेल्या अंगठ्याचीही पावती द्या

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांना नमस्कार.

महोदय,

माझ्या आईने 35 वर्षं ऊसतोडीला जाऊन मोळ्या बांधल्या. आता तिच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. गेल्या महिन्यात ती रेशनला तीनदा गेली. दुकानदाराने अंगठा पदराला पुसायला लावला, मग केसांवरून फिरवायला (तेलकटपणा लागला की उठतो म्हणतात), मग दुसरं बोट, मग डावा हात. अंगठा तपासणारं मशीन काही मानेना. अंगठ्याऐवजी चालणारा ओटीपी येतो माझ्या मोबाईलवर. मी पुण्यात शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. "मावशी, उद्या बघू."

दुकानदाराला मी बोल लावत नाही. मशीनने हो म्हटल्याशिवाय धान्य दिलं तर तूट त्याच्याच माथी.

माझं दुखणं वेगळंय. अंगठा उठला की मशीनमधून पावती निघते: गहू किती, तांदूळ किती, तारीख. नाही उठला तर काहीच नाही. आई तीन दिवस रांगेत उभी होती, याचा चिटोराही तिच्या हातात नाही. महिनाअखेर दिसणार एवढंच, की या कार्डावर उचल झाली नाही. जणू ती आलीच नव्हती.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013, कलम 8: हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. आईने तो कशाच्या जोरावर मागायचा? झारखंडच्या सिमडेगात, आधार न जोडल्याने रेशन बंद झालेल्या घरातल्या मुलीच्या मृत्यूवरून गदारोळ झाल्यावर, ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना बजावलं होतं की आधार जुळत नाही म्हणून कुणाला रिकाम्या हाताने पाठवू नका, अशांची वेगळी नोंद ठेवा. आमच्या दुकानात तसली वही मी विचारली. दुकानदार हसला.

मशीनला प्रिंटर आहे, कागदाचा रोल आहे. 'अमुक कार्ड, अमुक तारीख, अंगठा जुळला नाही' एवढी ओळ छापायला लावा. आणि दुसऱ्या खेपेलाही जुळला नाही, तर वहीत सही घेऊन धान्य द्यायचं, असा लेखी आदेश दुकानात भिंतीवर चिकटवा. नुसता पोर्टलवर नको. आई पोर्टल वाचत नाही.

या महिन्यात ओटीपीसाठी मी रजा टाकून गावी जातेय. आईच्या एकटीच्या कार्डावर 5 किलो मिळतात. माझा एक दिवसाचा पगार कापला जाईल.

आपली,
एका प्राधान्य कुटुंब कार्डधारकाची मुलगी