लोखंडाचे सूर

द हेग, रविवार

प्रिय बंड्या,

परवा इथल्या एका हॉलमध्ये जारान केपांग हा जावाचा नाच पाहिला. बांबूच्या विणीचा चपटा घोडा मांड्यांत धरून पोरं नाचतात आणि नाचता नाचता अंगात येतं. एकानं अख्खा नारळ दातांनी सोलला, माझ्यापासून चार हातांवर! काथ्याचे धागे त्याच्या हनुवटीला चिकटले होते आणि डोळे कुठेच नव्हते. शेवटी म्हाताऱ्या जाणत्यानं कानात काहीतरी पुटपुटून त्याला भानावर आणलं. मला आपला शिमगा आठवला.

हे लोक थेट जावाचे नव्हेत, दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचे, तेव्हाच्या डच वसाहतीतले. 1873 पासून तिथल्या मळ्यांवर आपल्याकडचे भोजपुरी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर होते. पण ते इंग्रजांची प्रजा, डचांना ती कटकट नको होती. मग जावा या स्वतःच्याच वसाहतीतून माणसं उचलली. 9 ऑगस्ट 1890 ला पहिले 94 जण आले, मारियेनबुर्गच्या साखर मळ्यावर. 1939 पर्यंत जवळपास 33 हजार. करार पाच वर्षांचा, कामाला नाही म्हटलं तर तुरुंग. बहुतेक जण परतलेच नाहीत. नमाज मात्र कित्येकांनी पश्चिमेकडे तोंड करूनच पढला, जावात पढत तसा. मक्का आता पूर्वेला आली तरी!

मला खरं सांगायचंय ते गमेलनबद्दल, म्हणजे या नाचाला साथ करणाऱ्या, धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायच्या वाद्यमेळाबद्दल. जावात त्याच्या पट्ट्या काशाच्या. मळ्यावर कासं ओतणारा कुठून आणणार? यांनी लोखंडाच्या केल्या. ठोकायच्या, कानशीनं घासायच्या, कानाला लावून बघायच्या, पुन्हा घासायच्या. आवाज कोरडा, जरा पत्र्यासारखा. पहिली दहा मिनिटं मी मनात नाक मुरडलं, हे कबूल करतो. काशाची घुमणारी रेकॉर्डिंगं ऐकून कान लाडावलेले ना. मग त्या पोराचे पाय ज्या ठोक्यावर पडत होते तो ऐकू आला आणि त्या नाचाला काशापेक्षा लोखंडच शोभतं असं वाटायला लागलं.

वायांगही तिकडे गेलंच. चामड्याच्या बाहुल्या, पडदा, रात्रभर महाभारत, थेट आपली पिंगुळी. भीम-अर्जुन ओळखीचे, पण सेमार नावाचा ढेरपोट्या नोकर देवांनाही सुनावतो. तो व्यासांच्या गावीही नाही.

सोबत रेकॉर्डिंग पाठवतोय. अण्णांना ऐकव. पाचच सूर आहेत, पण पेटीवर शोधायला बसू देऊ नकोस, सापडायचे नाहीत.

तुझा,
नंदू