सर, तुमचा टेस्ट लॅम्प अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला मला येता आलं नाही, याची रुखरुख महिनाभर मनात आहे. त्या दिवशी कंपनीत वार्षिक शटडाउन होतं आणि मेन पॅनलचं काम माझ्या अंगावर होतं. ते टाकून आलो असतो, तर तुम्हीच दारातून परत पाठवलं असतं. आणि आलो असतो तरी मनातलं बोलू दिलं असतंत का? अप्रेंटिसशिप संपल्यावर पेढे घेऊन आलो होतो, तेव्हा "ठेव तिथे, आणि या पोरांना मेगर कसा जोडायचा ते दाखव" म्हणालात. (मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर.) बोलायचं ते तसंच राहून गेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. औंधच्या आयटीआयमध्ये तुमच्या हाताखालून गेलेली पोरं आज भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावला पसरली आहेत. त्यांच्याही नजरेला पडू दे.

मी २०१० साली वीजतंत्री ट्रेडला आलो. गाव जुन्नरकडचं, राहायला मामाकडे दापोडीला. पहिल्याच महिन्यातला एक दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. स्टार-डेल्टाच्या, म्हणजे मोटार आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणाऱ्या स्टार्टरच्या, बोर्डावरची एक वायर काढायला मी हात पुढे केला होता.

"थांब. सप्लाय आहे का?"

"नाही सर, मेन बंद केलाय."

"कोणी पाहिलं?"

"मीच बंद केलाय, सर."

तुम्ही काही न बोलता कपाटातून टेस्ट लॅम्प काढलात. दोन होल्डर, दोन बल्ब, सिरीजमध्ये जोडलेले. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, एकटा बल्ब तेवढ्यावर उडतो, म्हणून दोन. आधी शेजारच्या चालू बोर्डाच्या दोन फेजवर लावलात, दोन्ही बल्ब लख्ख पेटले. मग माझ्या बोर्डाच्या तिन्ही फेज तपासल्यात, काहीच नाही. मला वाटलं, सुटलो. मग मी ज्या टर्मिनलला हात लावणार होतो तिथे एक टोक आणि न्यूट्रलला दुसरं टोक लावलंत. दोन्ही बल्ब मंद, पिवळट पेटले. स्टार्टर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोल सर्किटचा सप्लाय बाजूच्या बोर्डावरून आला होता आणि माझ्या मेनशी त्याचा काही संबंधच नव्हता.

तो सप्लाय तुम्ही बंद केलात, पुन्हा तपासलंत आणि शेवटी लॅम्प परत चालू बोर्डावर लावून दाखवलात. हे शेवटचं कशाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. "मधल्या मधे बल्बच गेला असेल तर? गेलेला बल्ब प्रत्येक वायर बंदच दाखवणार. आधी चालूवर बघ, मग आपल्या कामावर, मग परत चालूवर." एवढं सांगून अर्धा तास मला वर्कशॉपबाहेर उभं केलंत. तेव्हा अपमान वाटला होता.

सर, २०१७ च्या पावसाळ्यातली एक गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही, ती इथे सांगतो. एका कारखान्यात पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा स्विच, बदलायचा होता. तिथल्या माणसाने खात्रीने सांगितलं, "लाइन बंद आहे भाऊ, मी स्वतः पाडलीये." आयसोलेटर (लाइन तोडणारा मेन स्विच) खरंच पडलेला होता आणि त्याला माझं कुलूपही लावलं होतं. तरीही चालू पॉइंटवर टेस्टर बघून घेतला आणि मग कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलला लावला. त्याने सप्लाय दाखवला. कोणीतरी कधीतरी त्या पॅनलला यूपीएसवरून एक फीड दिला होता आणि ड्रॉइंगवर त्याची एक रेघही नव्हती. मी तिथेच खाली बसलो. दोन मिनिटं हात थरथरत होते. त्या रात्री दापोडीला पोचलो आणि ताटावर बसलो, तेव्हा समोर तुमचा चेहरा होता.

पण तुमचे आभार एवढ्यापुरतेच मानले, तर निम्मं राहील. पहिलं वर्ष संपताना वडील आजारी पडले. मी नाव काढून गावी जायचं ठरवलं होतं. तुम्ही स्कूटरवरून मामाच्या घरी आलात. मामीने चहा ठेवला, तो निवेपर्यंत तुम्ही मामाशीच बोलत होतात, माझ्याशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मला दापोडीतल्या एका मोटार वायंडिंगच्या दुकानात घेऊन गेलात आणि संध्याकाळी तीन तासांचं काम लावून दिलंत. तिथे मिळणाऱ्या पैशांवर मी दुसरं वर्ष काढलं. जळलेल्या मोटारीच्या कॉइल काढायच्या, स्लॉटमध्ये कागद बसवायचा, वार्निशचा वास डोक्यात घेऊन झोपायचं. स्टार-डेल्टा मला पुस्तकातून नव्हे, त्या दुकानात कळलं. तीच मोटार स्टारमध्ये सुरू केली की प्रत्येक वायंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्टच मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो. मात्र जोरही तेवढाच कमी होतो. म्हणून लोड अंगावर घेऊन सुरू होणारी मशिन स्टारमध्ये नुसती घुमत बसते. कारागीर अशाच एका मशिनचा, स्टारवरून डेल्टावर नेणारा टायमर बदलत बसले होते, तेव्हा हे मी सांगितलं आणि मालकाने त्या महिन्यात पगार वाढवला.

आता शनिवार दुपारचं. आमची सुट्टी झाल्यावर तुम्ही चार-पाच जणांना थांबवून घ्यायचात. तो भाग आमच्या परीक्षेत येणार नव्हता आणि तुम्हाला त्याचे जादा पैसेही मिळत नव्हते. जुन्या बाजारातून आणि तपकीर गल्लीतून स्वतःच्या खिशातून आणलेले जुने ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारे), एनर्जी मीटर, एक कोपरा उडालेला पीएलसी (मशिन चालवणारा कंट्रोलर), हे सगळं एका लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेलं. "उद्याच्या कंपनीत मोटार आणि मोटारीशी बोलणारी वायर, दोन्ही एकाच माणसाला बघावी लागणार," म्हणायचात. टाकीची पातळी वगैरे करंटने कळवणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल शिकवताना तुम्ही विचारलंत, शून्यापासून का नाही? कोणालाच सांगता येईना. मग वायर कापून दाखवलीत आणि मीटर शून्यावर आला. टाकी रिकामी असली तर ४ येतो, वायर तुटली तर शून्य. रिकामी टाकी आणि तुटलेली वायर वेगवेगळी ओळखता यावी, म्हणून सुरुवात ४ पासून.

आणि ड्राइव्ह, मीटर, पीएलसी जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती आरएस-४८५ ची दोन वायरींची लाइन. ती एका उपकरणावरून दुसऱ्यावर, माळेसारखी न्यायची, मधूनच फाटे फोडायचे नाहीत, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टन्स लावायचा. तो कशासाठी, तर "विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना? सिग्नलही टोकाला आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. टोकाला हा रेझिस्टन्स असला की हाक तिथेच मुरते." जुन्नरकडच्या पोराला विहीर सांगितलीत, मग विसरणार कसा?

चार वर्षांपूर्वी आमच्या पेंट शॉपमध्ये आठ ड्राइव्हची अशीच लाइन होती. केबल चारशे मीटरच्या घरात, सिग्नलचा वेग १ लाख १५ हजार २०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. नववा ड्राइव्ह जोडला आणि दुसऱ्या दिवसापासून दर तासा-दोन तासाला कुठला तरी एक ड्राइव्ह लाइनवरून गायब व्हायचा. कन्व्हेयर उभा, ओव्हनमध्ये माल अडकलेला. तीन दिवस सगळे कार्ड बदलायच्या गोष्टी करत होते. माझ्या डोळ्यांसमोर तुमची फळी आली. सप्लाय बंद केला, तपासला, लाइनच्या ए आणि बी या दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावला. दोन्ही टोकांचे १२० समांतर धरले तर साठच्या आसपास यायला हवे होते. आले ११८. म्हणजे एका टोकाला रेझिस्टन्स नव्हताच. नवा ड्राइव्ह शेवटी जोडताना आधीच्या शेवटच्याचा काढला होता आणि नव्याला लावायचा राहिला होता. केबलचं शील्डही (वायरींभोवतीचं धातूचं आवरण) दोन्ही बाजूंनी अर्थ केलेलं निघालं. ते एका बाजूने सोडवलं, रेझिस्टन्स बसवला. मीटरवर ५९ दिसले तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या मॅनेजरने विचारलं, "हे कुठे शिकलास?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण माहीत असायला हवं होतं.

सर, सध्या माझ्या हाताखाली तीन अप्रेंटिस आहेत, त्यांतल्या दोन मुली. पॅनल उघडायच्या आधी त्यांना चालूवर, कामावर, परत चालूवर तपासायला लावतो. परवा त्यातली एक म्हणाली, "सर, रोज रोज कशाला? आपणच तर बंद केलंय." तिला बाहेर उभं केलं नाही, कपाटातून तुमचा टेस्ट लॅम्प काढला. अप्रेंटिसशिपला निघताना तुम्ही दिलात तोच. बल्ब कितीदा तरी बदलले, होल्डर तेच आहेत.

दर खंडेनवमीला मशिनला झेंडूच्या माळा घालतो तेव्हा त्याला हळदकुंकू लावून मेगरच्या शेजारी ठेवतो, तुम्ही वर्कशॉपमध्ये ठेवायचात तसाच. येत्या खंडेनवमीला सकाळचं पूजेचं उरकलं की आईला आणि मुलीला घेऊन तुमच्या घरी येणार आहे. मुलगी दुसरीत आहे. तिला सेलवर बल्ब पेटवायला आवडतो आणि पेटला नाही तर ती आधी बल्ब बदलून बघते. तिला तुम्ही एकदा भेटा.

आईचा आणि मामा-मामीचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा विद्यार्थी,
वीजतंत्री, २०१०-१२ ची बॅच