संघबदलाच्या बातमीत कराराच्या अटीही द्याव्यात

महोदय,

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर अधूनमधून येतात, ही माझ्यासारख्या शालेय मुलांना हा खेळ शिकवणाऱ्याला समाधानाची गोष्ट वाटते. परंतु दरवर्षी नवा गणवेश चढवणाऱ्या खेळाडूची बातमी आली, की त्याच्या खेळातच काही खोट असणार असा सूर तिच्यात उमटतो, आणि तो वस्तुस्थितीला धरून नसतो.

इश स्मिथचेच पाहा. जेमतेम सहा फूट उंचीचा हा चेंडू खेळवणारा गार्ड 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, कोणीही निवडला नव्हता. ह्यूस्टनच्या संघाने त्याला संधी दिली. तेथून मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फीनिक्स असे करत 2022 मध्ये डेन्व्हरकडून मैदानात उतरला, तेव्हा तेरा वेगवेगळ्या संघांकडून खेळलेला तो एनबीएच्या इतिहासातील पहिला खेळाडू ठरला. यातील अनेक बदल्या त्याच्या कामगिरीवरून झालेल्याच नाहीत. 2013 मध्ये ऑर्लँडोने जे. जे. रेडिक या खेळाडूला मिलवॉकीकडे धाडले, त्या व्यवहारात स्मिथही गेला. अदलाबदल करताना बहुधा दोन्हीकडच्या मानधनांचा मेळ घालावा लागतो आणि अशा वेळी छोट्या कराराचा खेळाडू तागडीत पासंग ठेवावा तसा ठेवला जातो. त्याची संमती घेण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

फिलाडेल्फियाचा प्रकार तर विलक्षण आहे. 2015 च्या उन्हाळ्यात या संघाने त्याला जाऊ दिले. पुढचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्या 31 सामन्यांत संघाला एकच विजय मिळाला, तेव्हा नाताळच्या तोंडावर त्यांनी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत खेळाडू निवडण्याचे आपले दोन हक्क न्यू ऑर्लिन्सला देऊन त्यालाच परत आणले. तो आल्यावर उरलेल्या 51 सामन्यांत नऊ विजय मिळाले. आकडा मोठा नाही, हे मान्य. पण आदल्या उन्हाळ्यात फुकट मिळत असलेल्या माणसासाठी सहा महिन्यांत किंमत मोजावी लागली, यात खोट खेळाडूची की व्यवस्थापनाची?

या नोकरीचे वेळापत्रकही समजून घ्यायला हवे. पूर्ण हमी नसलेला करार असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खेळाडूला सोडून संघ उरलेल्या हंगामाचे पैसे वाचवू शकतो. त्याच सुमारास दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका हंगामात एका संघाशी असे दोनच करार करता येतात; त्यानंतर खेळाडूला हंगामअखेरपर्यंत ठेवायचे किंवा निरोप द्यायचा. मात्र सेवेची तीन वर्षे भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, त्यामुळे तळाच्या खेळाडूला या तीन वर्षांचे मोल फार असते. आपल्याकडे रेल्वेत किंवा प्राप्तिकर खात्यात क्रीडाकोट्यातून लागलेल्या खेळाडूला अशी दहा दिवसांची टांगती तलवार ठाऊक नसते, आणि परदेशी खेळण्याची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांना तर याची कल्पनाही नसते.

एकाच संघात आयुष्य काढणारेही असतातच. 2023 च्या अंतिम मालिकेत डेन्व्हरसमोर मायामी होते आणि त्यांच्या बाकावर उडोनिस हॅसलेम बसला होता. तोही ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला, पण सलग वीस हंगाम मायामीकडेच राहिलेला. त्यासाठी 2010 मध्ये त्याने कमी पैसे पत्करले होते. तेरा संघांचा स्मिथ आणि एका संघाचा हॅसलेम, दोघांनाही त्या मालिकेत मैदानावर फारसे उतरता आले नाही. डेन्व्हरने आपले पहिले विजेतेपद मिळवले आणि स्मिथही विजेत्यांत गणला गेला.

माझी विनंती एवढीच, की संघबदलाची बातमी छापताना खेळाडूचा करार कोणत्या प्रकारचा होता, त्याची किती मुदत उरली होती आणि व्यवहार मुळात कोणासाठी झाला, हे सांगणाऱ्या दोन ओळी तिला जोडाव्यात.

आपला नम्र,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, सोलापूर