फोटोत टोनी विल्यम्स नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘द प्लॅटर्स’ या अमेरिकन गायकमंडळीवरचा लेख वाचला. मराठी पेपरात या पाच जणांना अर्धं पान मिळालेलं मी या जन्मी पहिल्यांदाच पाहिलं, त्याबद्दल लेखिकेचे आभार. तक्रार लेखाबद्दल नाही, फोटोखालच्या ओळीबद्दल आहे. ‘ओन्ली यू गाणारा टोनी विल्यम्स (मध्यभागी)’ असं आपण छापलंत. मध्यभागी आहे तो सनी टर्नर. टोनी १९६० साली बाहेर पडला आणि त्याच्या जागी हा विशीतला पोरगा आला. शिवाय पान लावताना आपल्या माणसानं फोटोची उजवी बाजू अशी कापली आहे, की पाचव्या माणसाचा एक कान आणि अर्धा खांदा तेवढा उरलाय. त्या कानाबद्दल पुढे लिहितो.

चूक दाखवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण हीच चूक आपल्या उपसंपादकापेक्षा बड्या माणसांनी जाणूनबुजून केली, आणि तिच्यावरून अमेरिकेतल्या कोर्टांत चाळीस वर्षं कागद फिरले. हा विषय योगायोगानं माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातला निघाला, म्हणून पत्र लांबतंय.

माझं वय ७६. आमची चाळ गिरगावात, खोताच्या वाडीला लागून. वाडीतल्या एका ईस्ट इंडियन अंकलकडे रेडिओग्राम होता. रविवारी मास आटपून ते घरी आले की रेकॉर्डी लागायच्या, आणि आम्ही पोरं त्यांच्या लाकडी जिन्यावर बसायचो. इंग्रजी कुणाला कळत होतं? ‘ओन्ली’ म्हणताना टोनीचा आवाज मध्येच उचकी लागल्यासारखा तुटायचा आणि तिथूनच वर चढायचा, तेवढं मात्र आम्हा सगळ्यांना जमायचं. त्यावरून घरी एकदा मारही खाल्ला आहे. आजोबा गेले त्याचा तेरावा होता.

पुढे मी फोर्टात ट्रेडमार्कच्या एका वकिलाकडे कारकून झालो. ३१ वर्षं. विडीबंडलं, केसांची तेलं, उदबत्त्या. माल कुणाचा आणि लेबल कुणाचं, एवढाच प्रश्न रोज नव्या फायलीत बांधून यायचा. तिथेच फुटपाथवर एकदा प्लॅटर्सची कॅसेट घेतली. संध्याकाळी लावली, पहिलंच गाणं ‘ओन्ली यू’, आणि आवाज वेगळा. सूर बरोबर, शब्द बरोबर, उचकी नाही. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत द्यायला गेलो तर विक्रेत्यानं कव्हरवर बोट ठेवलं. ‘प्लॅटर्स लिहिलंय ना साहेब?’ लिहिलं होतं खरं. नकली मालाची हजार लेबलं तपासलेला मी निरुत्तर झालो.

उलगडा बऱ्याच वर्षांनी झाला. साठच्या दशकात मंडळी मर्क्युरी ही रेकॉर्ड कंपनी सोडून म्युझिकॉरकडे गेली आणि तिथे सनी टर्नरला घेऊन जुनी गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. म्हणजे माझी कॅसेट बनावट नव्हतीच. लेबल खरं, माल खरा, गळा दुसरा. सनी वाईट गातो असं मी म्हणत नाही. १९६७ चं ‘विथ धिस रिंग’ हे त्याचं स्वतःचं गाणं, ते मी आजही लावतो.

आता तो कान. तो हर्ब रीडचा आहे. खर्जातला गायक, आणि मंडळीचं नाव ठेवणारा माणूस तोच. तेव्हा अमेरिकेत रेडिओवर गाणी लावणारे लोक रेकॉर्डला ‘प्लॅटर’ म्हणत. म्हणजे ताट, तबक. आपणही तबकडीच म्हणतो की! त्यावरून हे नाव. कोवळ्या वयात कॅन्सस सिटीहून लॉस एंजेलिसला आलेल्या, गाड्या धुण्याचं काम केलेल्या माणसाला सुचलेलं.

मंडळीला वर काढलं ते बक रॅम या मॅनेजरनं, हे मात्र नाकारता येत नाही. ‘ओन्ली यू’ आणि ‘द ग्रेट प्रिटेंडर’ ही गाणी त्याच्याच नावावर आहेत. मर्क्युरीला खरं तर त्याच्या हाताखालचे ‘पेंग्विन्स’ हवे होते. रॅम म्हणाला, घ्यायचे तर दोघांनाही घ्या. घेतले. पेंग्विन्सना पुढे तसं यश लाभलं नाही आणि जोडीला आलेल्यांनी १९५५ ते १९५९ या काळात जग डोक्यावर घेतलं. पण याच रॅमनं १९५६ साली ‘फाइव्ह प्लॅटर्स’ नावाची कंपनी काढली. गायकांना शेअर दिले आणि त्या बदल्यात मंडळीचं नाव कंपनीच्या खात्यावर चढवलं. पुढे एकेक जण बाहेर पडला. हर्ब रीड सर्वांत शेवटी, १९६९ मध्ये. गायचं तर सगळ्यांना होतंच, दुसरं काय येत होतं त्यांना? जो तो आपापल्या गावी ‘प्लॅटर्स’ म्हणून उभा राहायला लागला, आणि ज्यांनी ते रेकॉर्डिंग कधी जवळून पाहिलंही नव्हतं अशांना उभं करून कंपनीही तेच करायला लागली.

माझ्या पुतण्यानं यातल्या काही खटल्यांचे निकाल मला छापून दिले. नाटकाच्या पुस्तकासारखे वाचले. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं म्हटलं की ही कंपनी म्हणजे नाव बळकावण्यासाठी रॅमनं रचलेला निव्वळ बनाव आहे, आणि गायकांना दिलेले शेअर बेकायदा. संपलं असं वाटतं ना? छे. कंपनी गायकांवर दावे लावतच राहिली. त्या गायकांतला पॉल रॉबी उलट भांडला. कंपनीच्या नावनोंदण्या रद्द करण्याचा निकाल १९९० साली अपील कोर्टानं कायम ठेवला, पण रॉबी आदल्याच वर्षी वारला होता.

दरम्यान, १९८७ मध्ये, दमलेल्या हर्ब रीडनं तडजोडीवर सही केली होती. स्वतः ठेवलेलं नाव त्यानं कंपनीला लिहून दिलं आणि ‘हर्ब रीड अँड द प्लॅटर्स’ एवढंच आपल्याकडे ठेवलं. मात्र त्या कागदात एक कलम आहे. कंपनीचा या नावावर काही हक्क नाही असा अंतिम निकाल कुठल्या कोर्टानं दिला, तर या कराराचं कुठलंही बंधन रीडवर राहणार नाही. ज्या कुणी वकिलानं ते वाक्य घातलं त्याला माझा नमस्कार. आमच्या ऑफिसात अशा वाक्याला ‘मागचं दार’ म्हणत. त्याच दारातून म्हातारा वीस-पंचवीस वर्षांनी आत आला. त्याआधीच, १९९९ च्या निकालात (त्या वेळी समोर रॉबीची विधवा होती, ही यातली सर्वांत वाईट गोष्ट) कोर्टानं सांगितलं की मंडळी सोडून गेलेल्याला नाव बरोबर नेता येत नाही, स्थापनेपासून ती सांभाळणारा रीड आहे. जून २०१२ मध्ये रीड ८३ व्या वर्षी वारला. डिसेंबर २०१३ मध्ये अपील कोर्टानं पुन्हा एकदा त्याची बाजू बळकट असल्याचं मान्य केलं, पण नुकसान भरून न येणारं आहे याचा पुरावा दिला नाही म्हणून ‘प्लॅटर्स’ नावानं गाणाऱ्या दुसऱ्या मंडळीवरचा मनाई हुकूम उठवला. आयुष्यभर कज्जे निस्तरलेला मी ते पान वाचून चहा गार होईपर्यंत बसून राहिलो.

प्लॅटर्स एकटे नाहीत. ‘ड्रिफ्टर्स’ ही तशीच दुसरी गायकमंडळी उभी केली गायक क्लाइड मॅकफॅटरनं, १९५३ मध्ये. पुढच्याच वर्षी त्याला लष्करात जावं लागलं आणि त्यानं आपला वाटा विकला. तो वाटा गेला मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलकडे. त्यानंतर गायक नुसते पगारी नोकर. १९५८ मध्ये ट्रेडवेलनं अख्खी मंडळी हाकलली आणि ‘फाइव्ह क्राउन्स’ या दुसऱ्याच पोरांना ड्रिफ्टर्सचा कोट चढवला. त्यांत पुढे ‘स्टँड बाय मी’ गाणारा बेन ई. किंग होता, म्हणून आपण ट्रेडवेलला माफ करून टाकतो.

आपल्याकडे? किर्लोस्कर नाटक मंडळी हे नाव अण्णासाहेब १८८५ मध्ये गेल्यावरही कितीतरी वर्षं पडद्यावर राहिलं. पण १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले तेव्हा त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पाच वर्षांनी मास्टर दीनानाथ निघाले, त्यांनी बळवंत काढली. आम्हीच खरे किर्लोस्कर, अशी पाटी दोघांनीही लावली नाही. प्रेक्षक गळ्यामागे जातो, पाटीमागे नाही, याची त्यांना खात्री असावी. अमेरिकेत रेकॉर्डनं घोटाळा केला. तिथे लोकांना आवाज पाठ होता, चेहरा कुणाला माहीत होता?

तिथे आता यासाठी कायदे झालेत. ‘शा ना ना’ या जुनी गाणी गाणाऱ्या मंडळीतल्या बाउझरनं खटपट केली, पेनसिल्व्हेनियानं २००५ मध्ये सुरुवात केली आणि पुढे तीसहून जास्त राज्यांनी कित्ता गिरवला. मूळ रेकॉर्डिंगमधला एक तरी गायक मंचावर हवा, नाहीतर जाहिरातीत ‘आदरांजली’ असं स्पष्ट लिहा. पण नाव ज्याच्याकडे रीतसर नोंदलेलं आहे, त्याला यातून सूट आहे. म्हणजे सगळं भांडण ज्या कागदावरून झालं, तोच कागद दाखवून सुटायची सोय. कारकुनाच्या नजरेतून हे सुटत नाही.

आपल्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. येत्या रविवारी दुरुस्ती छापा. आणि मुंबईत जुन्या इंग्रजी गाण्यांच्या कार्यक्रमांच्या बातम्या आपण देता, तेव्हा मंडळीच्या नावाखाली प्रत्यक्ष कोण गाणार आहे त्यांची नावंही देत जा. आयोजकानं कळवली नसतील तर फोन करून विचारा.

आपला,
एक निवृत्त कारकून
गिरगाव, मुंबई ४

ता. क. दुरुस्तीबरोबर तोच फोटो पुन्हा छापणार असाल तर चालेल, फक्त या वेळी उजवीकडून कापू नका.