कमरेच्या दाव्यात कान जोडताना

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

कमरेसाठी अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्या तोफखान्यातल्या हवालदाराला निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी कमी ऐकू येऊ लागते. हा दुसरा आजार दाव्यात जोडायला तो रेकॉर्ड ऑफिसला लिहितो, रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीची), म्हणजे एएफएमएसएफ-१६ या फॉर्मची, प्रत मागवतो, तज्ज्ञाचा अहवाल जोडतो. आणि गाडी अडते ती त्याच जुन्या प्रतीवर.

त्या प्रतीत ऐकण्याच्या रकान्यात बहुधा एवढेच असते : कुजबुज, ६०० सेंमी, दोन्ही कान. तोफेच्या आवाजाने होणारी हानी सुरू होते ४००० हर्ट्झच्या आसपास. सहा मीटरवरून कुजबुजून ती पकडता येत नाही, त्याला ऑडिओग्रामच, म्हणजे यंत्रावर काढलेला श्रवणाचा आलेखच, लागतो. पुढे नव्या दाव्यासाठी बसलेले बोर्ड म्हणते, आवाजाने झालेली हानी आवाज थांबल्यावर सहसा वाढत नाही, तेव्हा हे वयाचे. वैद्यकशास्त्र म्हणून यात चूक नाही. पण बाहेर पडताना कान कसा होता याचा आलेखच काढलेला नसेल, तर सेवेतले किती आणि वयाचे किती हे बोर्ड तरी कशावरून ठरवणार?

गुडघ्याचेही तेच. पीटीत मुरगळलेल्या पायाला एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) क्रेप बँडेज मिळते, आयएएफवाय-२००६ हा इजा अहवाल मात्र भरला जात नाही. वीस वर्षांनी गुडघा झिजल्यावर तोच कागद मागतात.

शेवटी शेरा येतो एनएएनए : सेवेमुळे झाला नाही, वाढलाही नाही. (लघुरूप वाचले तर ‘नाना’ होते, पण या नानांपुढे कुणाचे चालत नाही.) भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर उलट निष्कर्षाची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच धरमवीर सिंग खटल्यात सांगितले. शेरे अजून एका ओळीचेच येतात.

दुसऱ्या आजाराने पैशात फरक पडतो. टक्क्यांची साधी बेरीज होत नाही, बोर्ड एकत्रित टक्के ठरवते. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या २०२३ च्या नियमांआधी निवृत्त झालेल्यांना ४० टक्क्यांचे ५० धरून मिळतात. एकत्रित ५० च्या वर गेले की ७५. शेवटचे मूळ वेतन ४०,००० असेल तर अपंगत्वाचा भाग ६,००० वरून ९,००० होतो, शिवाय महागाई भत्ता.

म्हणून मागणी : तोफखाना आणि रणगाडा दलातल्या प्रत्येकाचा रिलीज बोर्डाआधी ऑडिओग्राम काढा. इजा अहवालाची प्रत त्याच आठवड्यात जवानाच्या हाती द्या. शेऱ्यामागची कारणे त्याची सही घेण्यापूर्वी त्याला वाचू द्या. आणि पहिल्या अपिलासाठी त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, तशीच नव्या आजारासाठी बोर्ड बसवायला कार्यालयालाही घाला.

आपले,
माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन दावे भरून देणारे, सातारा